खण, जोड आणि ‘पक्के’ घर

(परंडा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, ‘सर, जन्मभर तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत. लाकडी घरांवर तुम्ही काय बोलणार?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही इंजिनिअर नाही, सुतार तर नाहीच नाही. घरात एक खिळा ठोकायचा तरी आमच्या हातून भिंतीचा पोपडा निघतो. (हशा) पण घर ही फक्त इंजिनिअरची गोष्ट आहे असं मानणं, हेच आजच्या दुखण्याचं एक मूळ आहे. घर कशाला म्हणायचं, पक्कं कशाला म्हणायचं, टिकणं म्हणजे काय, हे प्रश्न शब्दांचेही आहेत. शब्द तपासून पाहणं एवढंच काम आम्हाला येतं, तेच आज करू.

सध्या एक कल्पना जगभर जोरात आहे. कारखान्यात लाकडाच्या फळ्यांचे थर एकावर एक, एक थर उभा तर दुसरा आडवा, असे चिकटवून जाड तक्ते करायचे. भिंती, जमिनी, छपरं तिथेच मापात कापायची, ट्रकवर घालून आणायची आणि जागेवर जोडायची. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत १९९०च्या दशकात हे तंत्र पुढे आलं. नॉर्वेत ब्रुमुंडाल नावाच्या गावी २०१९ मध्ये लाकडी सांगाड्याची १८ मजली, सुमारे ८५ मीटर उंचीची इमारत उभी राहिली. अमेरिकेत मिलवॉकी शहरात २०२२ मध्ये २५ मजल्यांची झाली. याला ‘मॉड्युलर’ बांधणी म्हणतात, आणि पुढचं विशेषण असतं ‘शाश्वत’. मॉड्युलर, शाश्वत, लाकडी घर. ही तीन विशेषणं आज आम्ही एकेक करून तपासणार आहोत.

आमची भूमिका आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. ही कल्पना खोटी नाही. पण ती ज्या रूपात आपल्यासमोर येते त्या रूपात ती परंड्याच्या उपयोगाची नाही. आणि ज्या रूपात ती आपल्या उपयोगाची आहे, त्या रूपात ती आपल्याकडे होतीच. आपण ती वजनावर विकली. ‘आपण’ म्हणताना आम्ही स्वतःला वगळत नाही, हे पुढे कळेल.

खणांचा हिशेब

या सभागृहात साठी ओलांडलेले बरेच जण दिसतात. त्यांना आम्ही विचारतो, लहानपणी घराचं माप कसं सांगायचे? कोणी चौरस फूट म्हणायचं का? ‘पाच खणांचं घर’, ‘अकरा खणांचा वाडा’, असंच सांगायचे. सोयरीक ठरवायला आलेला माणूससुद्धा ओसरीवर बसल्या बसल्या नजरेनं खण मोजून घ्यायचा.

खण म्हणजे काय? चार खांबांच्या मधली जागा. दगडाचा तळखडा, त्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर सर, सरांवर किलचणाच्या बारीक पट्ट्या, त्यावर पाला-काटक्यांचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. हे आपलं माळवद. खणाचं माप घराघरात थोडं बदलायचं, पण साधारण पाच ते आठ फुटांच्या घरात असायचं. ते माप आकाशातून पडलेलं नव्हतं. जवळपास मिळणाऱ्या लाकडाची लांबी, बैलगाडीत काय मावतं आणि वरच्या मातीचं ओझं किती तुळईला पेलतं, या तिन्हींच्या हिशेबातून ते आलेलं होतं.

आता बघा, घर वाढवायचं झालं तर एक खण वाढवायचा. भावाभावांत वाटणी झाली तर खणांची वाटणी. घर मोडलं तर खांब-तुळया सुट्या करून दुसऱ्या गावी नव्या घराला लावायच्या. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच, मध्ये लाकडाचीच खुंटी, म्हणून सोडवता यायचं. मॉड्युलर म्हणजे आणखी काय असतं? ठरलेल्या मापाचा घटक, तो पुन्हा पुन्हा वापरायचा, जोडायचा आणि वेळ पडली तर सोडवायचा. जपानी माणूस खोलीचं माप तातामी चटयांवर सांगतो तेव्हा आपल्याला केवढं कौतुक वाटतं. आमचा सुतार खणांत बोलत होता, त्याचं मात्र कोणाला वाटलं नाही.

पण इथे जरा थांबू. जुनं ते सोनं म्हणायला आम्ही उभे नाही. अकरा खणांचा वाडा कोणाचा होता? देशमुखाचा, पाटलाचा, सावकाराचा. गावाच्या एका टोकाला ज्यांची घरं होती त्यांना खण कधी मोजावेच लागले नाहीत, कारण त्यांचं छप्पर कुडावर टेकलेलं होतं. तो वाडा ज्या सुताराने उभारला त्याचं स्वतःचं घर अनेकदा दोन खणांचं असायचं. खण हे माप जसं बांधणीचं होतं तसं प्रतिष्ठेचंही होतं. वाड्याच्या आठवणीत रमणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

त्या पहाटे काय पडलं आणि काय उभं राहिलं

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छपन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. परंडा किल्लारीपासून शंभर किलोमीटरहून दूर, आपल्या जिल्ह्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला. इथे भांडी वाजली, माणसं अंगणात आली. तिकडे लोहारा, उमरगा, औसा, निलंगा या तालुक्यांत गावंच्या गावं गेली. सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं मेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबाने मध्यम. मग एवढी माणसं का गेली? कारण ती घरात झोपली होती आणि घरानेच त्यांना मारलं.

आठवडाभराने आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन लोहारा तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो, मदतीला म्हणून. तिथे पाहिलेली एक गोष्ट अजून डोळ्यांपुढून जात नाही. एका घराच्या चारी भिंती बाहेरच्या अंगाला कोसळलेल्या होत्या. दगडांचे ढीग पडलेले. आणि त्या ढिगांच्या मध्ये खांब, तुळया आणि वरचं माळवद जागेवर उभं. भिंती नसलेलं घर. आम्हाला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. आम्ही फक्त चुकचुकलो आणि पुढे गेलो.

अर्थ नंतर इंजिनिअरांनी सांगितला. त्या भिंती दोन-अडीच फूट जाड, आतून एक पदर आणि बाहेरून एक पदर, मधल्या पोकळीत दगडगोटे आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून सुटायचे, फुगायचे आणि पडायचे. ज्या घरांत माळवदाचं ओझं या भिंतींवरच टेकलेलं होतं, तिथे भिंतीबरोबर छप्परही आलं. वर्षानुवर्षं गळती थांबवायला मातीचे थर चढवत गेलेलं, टनावारी वजनाचं छप्पर. जिथे ओझं खांबांवर होतं तिथे भिंत गेली तरी अनेक ठिकाणी छप्पर थांबलं. सगळीकडे नाही. खांब वाळवीने खाल्लेले असले, जोड सैल असले, तर तेही गेले. आणि कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर अशी ज्यांची घरं होती, ज्यांना आपण जन्मभर ‘कच्ची’ म्हणत आलो, त्या घरांनी अनेक ठिकाणी आपल्या माणसांचा जीव घेतला नाही.

आता आमच्या घराची गोष्ट. परंड्यात आमचंही माळवदाचं घर होतं, आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं. त्याला तडाही गेला नव्हता. पण आईने दसऱ्यानंतर सांगितलं, ‘मला आता या मातीखाली झोप यायची नाही.’ तिच्या आवाजात जे होतं त्याला तर्काने उत्तर देता येत नव्हतं आणि आम्ही दिलंही नाही. पुढच्या उन्हाळ्यात घर उतरवलं. सागवानी खांब, तुळया, चौकटी, सगळं एका व्यापाऱ्याने वजन करून नेलं. काट्यावर! जोड पाहिले नाहीत, लांबी पाहिली नाही, किलोचा भाव ठरला. परंड्यातून जड वस्तू बाहेर नेण्याची परंपरा तशी जुनीच आहे म्हणा, मुलुखमैदान तोफसुद्धा इथूनच १६३२ मध्ये विजापूरला गेली. (हशा) पण तोफ नेताना तिला तोफ म्हणूनच नेली होती, भंगार म्हणून नव्हे.

त्या जागी आम्ही स्लॅबचं घर बांधलं. आई त्यात शांत झोपली, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो. आज त्या घराला तीस वर्षं झाली आहेत. स्लॅबमधलं लोखंड गंजून फुगलं आहे आणि खालचा गिलावा सोलून निघतो आहे. बांधताना पाणी कमी मारलं गेलं, हे त्याचं एक कारण. आधीचं घर शंभर वर्षांचं होऊनही उतरवता आलं होतं. हे घर आता दुरुस्त करता येत नाही, फक्त फोडता येतं.

आईची भीती चुकीची होती का? नाही. मातीच्या ओझ्याबद्दल ती शंभर टक्के खरी होती. चूक आमची होती. पडलं काय आणि उभं राहिलं काय, यात भेद करणं हे आमचं काम होतं. आमच्या शास्त्रात त्याला विवेक म्हणतात. आम्ही वर्गात विवेकावर तासन् तास बोललो, आणि स्वतःच्या घरात माती आणि लाकूड एकाच ढिगात टाकलं.

आमच्या एकट्याच्याच घरात हे झालं असं नाही. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्याच कार्यक्रमात दुसरीही एक वाट होती, जुन्या घरांच्या मजबुतीकरणाची. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेके मारा, भिंतीला सलग पट्टा द्या, असे साधे उपाय होते. पण लोकांच्या मनाने कौल दिला तो सिमेंटला. आणि योगायोग पाहा, त्याच १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या बांधकामांत लाकूड वापरायला बंदी केली, जंगलं वाचावीत म्हणून. ती बंदी २०२० मध्ये उठली. हेतू चांगला होता. पण सत्तावीस वर्षं लाकडाचं सरकारी बांधकाम नाही म्हटल्यावर लाकडात विचार करणारा इंजिनिअर घडणार कुठून?

अवयव आणि अवयवी

आता आमच्या प्रांतात येऊ. हंसराजस्वामींचा मठ असलेल्या गावात थोडं तत्त्वज्ञान खपवून घेतलं जाईल, अशी आशा आहे.

‘मॉड्युलर’ या शब्दामागे एक गृहीतक लपलेलं आहे. घटक चांगले केले की घर चांगलं होतं, कारण घर म्हणजे घटकांची बेरीज. या प्रश्नावर आपल्याकडे शेकडो वर्षं वाद झाला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग निष्कर्ष निघतो की रथ हे सगळ्या भागांच्या आधाराने चालणारं एक नाव आहे, त्यापलीकडे रथ म्हणून निराळी वस्तू नाही. नैयायिक याच्या विरुद्ध. ते म्हणतात, अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ असतोच. आणि त्यासाठी जी कारणं देतात त्यात एक फार गमतीचं आहे. एक टोक धरलं तर सगळी वस्तू धरली जाते, एक टोक ओढलं तर सगळी वस्तू ओढली जाते. सुटे कण असते तर असं झालं नसतं. यावर भाष्यकार वात्स्यायन स्वतःच मुरड घालतात. त्यांचं म्हणणं, धरलं जाणं आणि ओढलं जाणं हे ‘संग्रहा’मुळे होतं, कच्च्या मडक्यात माती पाण्याने धरून राहते तसं. तेवढ्यावरून अवयवी सिद्ध होत नाही.

कोण जिंकलं, ते आज बाजूला ठेवू. पण भूकंप म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या आम्हाला सापडलेली नाही. भूकंप म्हणजे घराचं एक टोक धरून ओढणं. जमीन पाया ओढते आणि वरच्या घराला विचारते, ‘तू येतोस का माझ्याबरोबर?’ सगळं घर मिळून आलं तर माणसं वाचतात. भिंत एकीकडे, छप्पर दुसरीकडे, आतला पदर तिसरीकडे, असं झालं तर मरतात. किल्लारीची भिंत ही भिंत नव्हतीच. ते दगडांचं एक नाव होतं, नागसेनाच्या रथासारखं. तिच्यात संग्रह नव्हता.

म्हणून मॉड्युलर बांधणीची आमची पहिली कसोटी अशी: घटक किती सुबक आहे हे नंतर पाहू, आधी जोड दाखवा. जगातल्या चांगल्या लाकडी इमारतींत खरी बुद्धी जोडांतच खर्च झालेली असते. लाकूड हलकं आणि लवचीक असतं, पण एवढ्याने भागत नाही. ब्रुमुंडालच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यांच्या जमिनी काँक्रीटच्या केल्या, कारण लाकडी इमारत इतकी हलकी की वाऱ्याने डुलायची. मिलवॉकीच्या इमारतीचे खालचे मजलेही काँक्रीटचेच आहेत. माहितीपत्रकावर ‘लाकडी’ असं मोठ्या अक्षरात असतं, हे मात्र बारीक अक्षरात. आमच्या खणाचंही तेच. खण उत्तम होता, पण जोड एका जागी उणा होता. उभा भार पेलायला तो बांधलेला होता, आडव्या ओढीला नव्हे. तिरपा टेका नव्हता. काश्मिरातल्या धज्जी-देवारी पद्धतीत लाकडी चौकटीत तिरप्या पट्ट्या असतात, मधले भाग लहान लहान ठेवून भरतात, आणि २००५ च्या तिथल्या भूकंपात अशी घरं चांगली टिकली. आपल्या सुताराला हे जमलं नसतं असं नाही. त्याला भूकंप माहीत नव्हता, एवढंच.

लाकूड येणार कुठून?

दुसरी कसोटी. झाड हवेतला कार्बन शोषतं आणि लाकडात साठवतं. सुकलेल्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. एक घनमीटर लाकूड पाचशे किलोचं धरलं तर त्यात हवेतून घेतलेला सुमारे नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड बसलेला असतो. उलट सिमेंट करताना तो बाहेर पडतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के सांगतात. त्यामुळे लाकडी घर म्हणजे कार्बनची पेटी, असा युक्तिवाद आहे. तो बरोबर आहे, पण अर्धाच. पेटी किती दिवस बंद राहणार? साठ वर्षं वाढलेलं झाड तोडून वीस वर्षांत सडणारं घर बांधलं, तर तो साठा नव्हे, ती उधळपट्टी. आमचा साधा नियम असा की घर निदान त्यातल्या झाडाच्या वयाइतकं तरी जगलं पाहिजे, आणि तेवढ्या वेळात त्या जागी दुसरं झाड उभं झालं पाहिजे. माळवदाच्या सागवानाने हा नियम पाळला होता. आम्ही त्याला वजनकाट्यावर चढवून तो मोडला.

आणि झाडं आहेत कुठे? ऑस्ट्रिया, नॉर्वे हे जंगलांचे देश. धाराशिव जिल्ह्यात जंगल नावालाच. बाभूळ आणि कडुनिंब बांधावर, बाकी माळ. वाड्यांचं सागवानसुद्धा बाहेरूनच यायचं. तेव्हा समुद्रापलीकडून जहाजाने तक्ते आणायचे आणि त्याला परंड्यात शाश्वत म्हणायचं, हा विनोद आहे. ‘सागवान लावा, वीस वर्षांत मालामाल व्हा’ अशा योजना नव्वदच्या दशकात आपण पाहिल्या आहेत. त्यात झाडं कमी वाढली आणि पावत्या जास्त. तो अनुभव विसरू नये.

त्यातल्या त्यात जवळची वाट बांबूची. त्याची काठी तीन ते पाच वर्षांत बांधकामाला तयार होते. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर वाढलेला बांबू कायद्याने ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे शेतातला बांबू तोडायला आणि न्यायला परवान्याची कटकट संपली. पण बांबूलाही पाणी लागतं, त्यावर प्रक्रिया केली नाही तर भुंगा पोखरतो, आणि त्याचा जोड हा लाकडाच्या जोडापेक्षा अवघड. बांबू म्हटलं की सगळं सुटलं, असं सांगणाऱ्यालाही आम्ही तोच प्रश्न विचारू, जोड दाखवा.

एक मुद्दा मात्र लाकडाच्या बाजूने फार मोठा आहे आणि तो युरोपातल्या पुस्तकांत ठळक नसतो, कारण तिकडे त्याची टंचाई नाही. पाणी. काँक्रीट ओतल्यावर किमान सात दिवस, आणि कोरड्या उन्हाळ्यात त्याहून जास्त, ते ओलं ठेवावं लागतं. आपल्याकडे बांधकाम कधी करतात? उन्हाळ्यात, कामं नसताना. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. प्यायला टँकर असलेल्या गावात स्लॅबवर पाणी कोण मारणार? पाणी कमी पडलं की स्लॅब कमजोर होतो, आणि तो कमजोर आहे हे दहा-पंधरा वर्षांनी कळतं. खांब-तुळईची बांधणी कोरडी असते. दुष्काळी तालुक्यात या एका गुणासाठीसुद्धा तिचा विचार व्हायला हवा होता.

कच्चं, पक्कं, शाश्वत

आता शब्दांकडे. सरकारी भाषेत घरं दोन जातींची, कच्ची आणि पक्की. साहित्य पाहून जात ठरते. सिमेंट-विटा दिसल्या की पक्कं. माती, गवत, बांबू दिसला की कच्चं. घरकुल योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजारांचं साहाय्य आहे आणि घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ नावाने स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुनेसुद्धा छापले आहेत. म्हणजे कागदावर दार उघडं आहे. पण लाभार्थ्याला विचारा. तो म्हणतो, ‘मातीचं, लाकडाचं बांधलं तर हप्ता अडकंल.’ आणि त्याहून खोल एक कारण आहे. ज्याच्या तीन पिढ्या छपराखाली गेल्या त्याला स्लॅब हवा असतो, कारण स्लॅब म्हणजे मान. त्याला आपण, वाड्यात वाढलेल्यांनी, लाकडाचं पर्यावरण शिकवावं हे शोभत नाही. कच्च्या-पक्क्याची ही उतरंड त्याने केलेली नाही. लाकडी घर आधी गावातल्या डॉक्टराने, प्राध्यापकाने, पुढाऱ्याने बांधावं, मग घरकुलाच्या यादीत आणावं. उलट क्रम लावला तर ती पुन्हा दुय्यम घरंच ठरतील.

आणि ‘शाश्वत’? या शब्दाबद्दल आमची जुनी तक्रार आहे. इंग्रजीतल्या एका व्यवहारी शब्दासाठी आपण थेट आत्म्याचं विशेषण उचललं. शाश्वत म्हणजे कायमचं, न बदलणारं. घर कसं शाश्वत असेल? घराला ओल लागते, वाळवी लागते, वाटण्या लागतात. माळवद टिकलं ते कशामुळे? दर उन्हाळ्यात कोणीतरी वर चढून माती सारखी करत होतं, पन्हळ मोकळी करत होतं, कुजलेला सर बदलत होतं. ते नित्य नव्हतं, त्याची निगा नित्य होती. मग आमचा पर्यायी शब्द ऐका: ‘निगेचं घर’. ज्याची निगा गावातल्या माणसाला, गावातल्या हत्यारांनी, घरच्या पैशात करता येते ते. ही आमची तिसरी कसोटी. कारखान्यातला तक्ता ओलीने फुगला तर तो बदलायला परंड्यात कोण येणार? आज आपल्याकडचा सुतार प्लायवूडची कपाटं उत्तम करतो, पण तुळईचा जोड त्याने शिकलेलाच नाही. ती पिढी गेली.

तेव्हा तीन कसोट्या. ओढलं तर सगळं घर मिळून येतं का? लाकूड कुठून आलं आणि त्या झाडाइतकं घर जगेल का? निगा कोण करणार? कारखान्यातून आलेलं मॉड्युलर लाकडी घर परंड्यात पहिल्या कसोटीला उतरेल, दुसरीत अडखळेल, तिसरीत नापास होईल. जुनं माळवद तिसरीत उत्तम, दुसरीत बरं, पहिलीत अर्धंच. स्लॅबचं घर नीट बांधलं तर पहिलीत उत्तम, बाकी दोन्हींत नापास. कोणीच पूर्ण पास नाही. पण हलक्या छपराचा, तिरप्या टेक्यांचा, पायाशी तळखडा आणि वर सलग पट्टा असलेला नवा खण तिन्हींत पास होऊ शकतो, असं आमचं मत आहे. तो काढायला एक इंजिनिअर आणि एक सुतार एकत्र बसायला हवेत, आणि सुताराला खुर्ची द्यायला हवी.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: लाकडी घराला आग लागली तर?

लागू शकते, नाही कशाला म्हणू. पण जाड तुळई आणि बारीक काटकी यांत फरक आहे. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जातं, मिनिटाला एक मिलिमीटरहूनही कमी वेगाने, आणि तो कोळसा आतल्या भागाला काही काळ झाकतो. त्या वेळात माणसं बाहेर पडतात. खरी भीती जुन्या घरातल्या उघड्या वायरिंगची. ती आधी बदला.

प्रश्न: गरिबाला परवडेल का?

आज सागवानात नाही. बांबूत आणि जुन्या उतरवलेल्या लाकडात कदाचित. आम्ही खोटी आशा देणार नाही.

प्रश्न: सर, आमचं नऊ खणांचं माळवद आहे. भाऊ म्हणतात पाडू. काय करावं?

आधी एखाद्या जाणत्या इंजिनिअरला दाखवा, आम्हाला नको. (हशा) त्याला तीन गोष्टी बघायला सांगा. खांबांचे पाय वाळवीने खाल्लेत का, छपराचं ओझं खांबावर आहे की भिंतीवर, आणि वर मातीचा थर किती झालाय. माती कमी करता येते, टेके मारता येतात, भिंत बांधून घेता येते. तरीही नाही जमलं, घरात कोणाला झोपच येईना, तर पाडा. भीतीला आम्ही हसणार नाही, आमच्या आईला हसलो नाही. पण पाडायच्या आधी प्रत्येक खांबाला, तुळईला खडूने आकडा घाला, कुठला जोड कुठे बसतो ते वहीत लिहा, आणि तुमच्या भागातला एखादा म्हातारा सुतार हयात असेल तर त्याला त्या दिवशी बोलवा, शेजारी नातवाला बसवा. आणि काटा घेऊन कोणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.